समस्या निवारण: दुरुस्त करूनही पुन्हा फडफडणारी ६४ दिव्यांची एलईडी हॅट

रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर बसवलेली आठ बाय आठची एलईडी हॅट, म्हणजे त्याच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा दिव्यांचा बोर्ड. पंधरवडाभर नीट चालते, मग एके दिवशी न सांगितलेले दिवे लागतात, हिरव्याचं जांभळं होतं, कधी सगळा बोर्ड आहे त्या चित्रावर गोठून जातो. आपण काहीतरी करतो, बरं होतं. महिन्याभराने पुन्हा तेच.

माझ्याकडे ही तक्रार नागपुरात नंदनवनातल्या एका अभ्यासिकेतून यायची. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलंमुली तिथे सकाळी सहापासून बसतात. खुर्च्या ६४ आणि हॅटवरचे दिवेही ६४, म्हणून एक दिवा म्हणजे एक खुर्ची असं मांडलं. रिकामी असेल तर हिरवा, भरली की लाल. टेबलाशी बसणाऱ्या काकू यूएसबीच्या आकड्यांच्या कीपॅडवर खुर्चीचा नंबर दाबतात, की दिवा पालटतो. रात्री बंद होण्याआधी याच रास्पबेरी पायवरून काकूंच्याच आवाजातली सूचना वाजते: दहा मिनिटांत अभ्यासिका बंद होत आहे, पुस्तकं जागेवर ठेवा.

मग काकूंचा फोन. "अगं, तुझे ते दिवे पुन्हा नाचून राह्यले ना! पोट्टे दारातूनच वापस चालले, म्हणतात जागा नाही. अन् आत वीस खुर्च्या खाली!"

एका खोट्या लाल दिव्यापायी कुणी बसायचं राहून परत जावं, हे मला फार लागायचं. दीड वर्षात हा बिघाड चार वेळा आला. चारही वेळा लांबून पाहता तो एकसारखाच दिसला, म्हणून पहिल्या खेपेला लागू पडलेलं औषध मी पुढच्या खेपांनाही देत बसले. तिथेच चूक झाली. कारणं निरनिराळी होती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका दुरुस्तीतून पुढचा बिघाड जन्माला येत होता. तुमचा बोर्ड पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर नवा बोर्ड मागवण्याआधी दहा मिनिटं नुसतं त्याच्यासमोर बसा. फडफड कशी आहे आणि कधी होते, त्यातच कारण दिसतं.

खाली आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये उगाच जागा न सोडता लिहायची.

आधी नुसतं बघा

दिव्यांचा कार्यक्रम (प्रोग्राम) थांबवा आणि सगळे ६४ दिवे एकाच मंद रंगावर ठेवा. मी हिरवा घेते, तेजस्विता २५५ पैकी ४०. आता बघत राहा.

सगळा बोर्ड एकदम वेडावाकडा होत असेल, प्रत्येक दिवा भलत्याच रंगात, आणि हे आवाज वाजताना किंवा आवाज थांबल्या थांबल्या होत असेल, तर भांडण ऑडिओशी आहे.

मंद हिरव्यावर सगळं शांत, पण पांढरा रंग दिला की तो पिवळट-तांबूस दिसतो, शेवटच्या ओळी जास्त तांबूस, आणि रास्पबेरी पाय मध्येच स्वतःहून पुन्हा सुरू होतो, तर वीज अपुरी पडते आहे. निळ्या आणि हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पुरवठा खचला की आधी ते दोघे मावळतात आणि लाल मागे उरतो, म्हणून पांढऱ्याला तांबूस झाक येते.

बोर्ड बहुतेक वेळ बरोबर असतो, पण मधूनच एखादा दिवा क्षणभर चमकून जातो, विशेषतः पहिला, किंवा एका दिव्यापासून पुढचे सगळे एका झटक्यात चुकतात आणि लगेच सावरतात, तर डेटाच्या तारेतला संकेत काठावर आहे.

चौथी गोष्ट बिघाडात मोडतच नाही. लाल सांगितल्यावर नेमका हिरवा लागत असेल, किंवा एक ओळ सरळ आणि पुढची उलटी दिसत असेल, तर हार्डवेअरला हात लावू नका. डब्ल्यूएस२८१२बी जातीचे दिवे रंग हिरवा-लाल-निळा या क्रमाने घेतात, आणि बऱ्याच बोर्डांवर ओळी नागमोडी जोडलेल्या असतात. दोन्ही गोष्टी कोडमध्ये एकदाच सांगायच्या.

ऑडिओ आणि दिवे यांचं एकच बस्तान

पहिल्यांदा फोन आला तो डिसेंबरात, रात्री दहाच्या सुमाराला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर बोर्ड छान. दुपारीही छान. मग काकूच म्हणाल्या, "मी बोलली की हे नाचते." त्यांना म्हणायचं होतं, त्यांची सूचना वाजली की. मला ते खरंच वाटेना. स्पीकरची तार कुठे आणि दिवे कुठे! पण सूचना वाजवली, आणि दुसऱ्या शब्दाला बोर्डाचा रंगीत गोंधळ.

कारण असं. या हॅटला डेटाची एकच तार असते आणि ती संकेत पाठवणाऱ्या पिनांपैकी जीपीआयओ १८ वर, म्हणजे रास्पबेरी पायच्या ४० पिनांच्या पट्टीतल्या १२ नंबरच्या पिनवर येते. डब्ल्यूएस२८१२बी ला घड्याळाची वेगळी तार नसते. तार किती वेळ उंच राहिली (तिच्यावर व्होल्टेज चढलेलं राहिलं) यावरूनच तो बिट ओळखतो. सुमारे ०.४ मायक्रोसेकंद उंच राहिली तर शून्य, सुमारे ०.८ राहिली तर एक, आणि अख्खा बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा. एका दिव्याला २४ बिट, म्हणजे ३० मायक्रोसेकंद. सगळा बोर्ड रंगवायला १.९२ मिलिसेकंद. रास्पबेरी पायवरच्या लिनक्स प्रणालीला शंभर कामं असतात, इतकी बारीक वेळ तो स्वतः पाळू शकत नाही. म्हणून जेरेमी गार्फ यांची आरपीआय-डब्ल्यूएस२८१एक्स ही लायब्ररी (तयार कोडचा संच) तो भार चिपमधल्या पीडब्ल्यूएम, म्हणजे ठरावीक लांबीचे ठोके देणाऱ्या विभागावर टाकते आणि डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा नेणारा भाग, त्याला परस्पर बिट पुरवत राहतो. प्रोसेसर मोकळा, वेळ काटेकोर.

गंमत अशी की ३.५ मिलिमीटरच्या हेडफोन जॅकमधला आवाजही तोच पीडब्ल्यूएम विभाग तयार करतो. आवाज सुरू झाला की ऑडिओ ड्रायव्हर त्या विभागाची घडी आपल्या सोयीने बसवतो, आणि दिव्यांना मिळणाऱ्या बिटांची लांबी कोलमडते. तारा एकमेकींपासून कितीही लांब असल्या तरी ही टक्कर चिपच्या आत होते.

उपाय: कॉन्फिग डॉट टीएक्सटी या रास्पबेरी पायच्या सेटिंगच्या फाइलीत "डीटीपॅराम=ऑडिओ=ऑन" अशी ओळ मुळातच असते. तिच्यातल्या ऑनचं ऑफ करा. शेवटी दुसरी ओळ जोडू नका, असलेलीच बदला, नाहीतर सहा महिन्यांनी कुठली ओळ चालते आहे हे तुम्हालाच कळणार नाही. रीबूट करा आणि दोन गोष्टी तपासा. "एलएसमॉड" या आज्ञेने येणाऱ्या यादीत एसएनडी अंडरस्कोर बीसीएम२८३५ हे आतल्या ऑडिओ ड्रायव्हरचं नाव दिसायला नको, आणि "एप्ले" ला उणे-एल लावून विचारल्यावर हेडफोन्सचं कार्ड दिसायला नको. दिसलं, तर बदल लागूच झालेला नाही.

आवाजही हवा असेल तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड लावा. मी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून आणलं, स्पीकर त्याला जोडला, काम झालं. आय-टू-एस जातीची, म्हणजे पिनांवरून आवाज घेणारी ऑडिओ हॅट मात्र घेऊ नका. तिची घड्याळाची तार नेमकी जीपीआयओ १८ वरच येते, म्हणजे भांडण चिपमधून निघून थेट पिनवर येईल.

कार्ड बदललं आणि रोग परत आला

दुसरी खेप फेब्रुवारीत. एसडी कार्ड खराब झालं, रास्पबेरी पाय सुरूच होईना. नवं कार्ड आणलं, त्यावर रास्पबेरी पायच्या प्रणालीची तेव्हाची नवी आवृत्ती, बुकवर्म टाकली. माझ्याकडे मांडणीच्या सगळ्या आज्ञा ओळीने चालवणारी एक जुनी स्क्रिप्ट होती, ती चालवली. चार दिवसांनी काकूंचा फोन: दिवे नाचतात, आणि या वेळी सूचना ऐकूच येत नाही.

या दोन तक्रारी मी वेगवेगळ्या धरल्या आणि अख्खा रविवार घालवला. खरं तर त्या एकच होत्या. आवाज पुन्हा आतल्या हेडफोन जॅककडे चालला होता, जिथे काहीच जोडलेलं नव्हतं. यूएसबी कार्डावरचा स्पीकर मुका, आणि पीडब्ल्यूएम पुन्हा ऑडिओच्या ताब्यात. ऐकू न येणारा आवाजसुद्धा दिवे बिघडवतो, हे तेव्हा पक्कं कळलं. तुमच्याकडे स्पीकर नसेलच, तरी ऑडिओची ओळ बघाच. सूचनेचा एखादा टुणकन आवाज पुरतो.

आता ओळ परत ऑन कशी झाली? २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या बुकवर्मपासून कॉन्फिग डॉट टीएक्सटी बूट फोल्डरमधून बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली. जुन्या जागी त्याच नावाची एक फाइल उरते. उघडली तर तिच्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, की ही बदलू नका, खरी फाइल तिकडे गेली. पण माझी स्क्रिप्ट फाइल उघडून वाचत नव्हती, शेवटी ओळ चिकटवून मोकळी होत होती. ओळ बरोबर, फाइल चुकीची, आणि एरर एकही नाही. जुन्या लेखांतून आज्ञा उचलत असाल तर हा पत्ता आधी तपासा.

आणि कार्ड मुळात का खराब झालं, याचंही उत्तर त्याच स्क्रिप्टमध्ये निघालं. दिव्यांच्या मांडणीत डीएमए चॅनेल ५ लिहिलेला होता. वर सांगितलेल्या लायब्ररीच्या माहितीपत्रकातच बजावलं आहे की रास्पबेरी पाय ३ वर चॅनेल ५ वापरला तर फाइल सिस्टिम खराब होते. मूळ पर्याय १० आहे. मी १० केला आणि ते कार्ड आजही चालू आहे. त्याआधीची दोन कार्डं मी "हलक्या प्रतीची" म्हणून फेकून दिली होती. तुमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी कार्ड जात असेल तर कोडमध्ये हा एक आकडा आधी शोधा.

नव्या प्रणालीत आणखी एक अडचण येते, ती पटकन सांगते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजं आता थेट बसत नाहीत, व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळा कप्पा करावा लागतो. आणि पीडब्ल्यूएमच्या मार्गाने दिवे चालवायला सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लागतो. नुसतं सुडो पायथॉन म्हटलं की मूळ प्रणालीचा पायथॉन चालतो आणि "मोड्यूल सापडलं नाही" म्हणतो. सुडोपुढे त्या एन्व्हायरन्मेंटमधल्या पायथॉनचा पूर्ण पत्ता द्या.

वीज: अडॅप्टरवरचा आकडा आणि पिनवरचा आकडा

तिसरी खेप एप्रिलच्या अखेरची. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दारातून आत येणाऱ्याचे डोळे इतके दिपलेले असतात की मंद दिवे दिसतच नाहीत. मुलांनी सांगितलं, म्हणून मी तेजस्विता वाढवून पूर्ण २५५ केली. सकाळी कार्यक्रम सुरू होताना सगळे दिवे क्षणभर पांढरे लावून तपासायची सोयही होतीच. दुसऱ्या दिवसापासून रास्पबेरी पाय सकाळी दोन-तीनदा आपोआप रीबूट व्हायला लागला.

काकूंचं म्हणणं होतं, कूलर लागले की लाइट कमी होते, त्यामुळे होतं. तसा समज सगळ्यांचाच असतो, पण चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. घरातला बल्ब जरा मंद होतो तेवढ्याने त्याच्या ५ व्होल्टला धक्का लागत नाही. गणित दुसरीकडेच फसलं होतं.

एका दिव्यात तीन एलईडी, प्रत्येकाला पूर्ण तेजावर सुमारे २० मिलिअँपिअर. पांढऱ्याला ६०. म्हणजे ६४ दिव्यांना ३.८४ अँपिअर. रास्पबेरी पाय ३ साठी सुचवलेला अडॅप्टरच मुळी २.५ अँपिअरचा, आणि त्यातून रास्पबेरी पायचं स्वतःचं पोटही भरायचं. नुसत्या लाल-हिरव्याला फार तर १.२८ अँपिअर लागत होते, म्हणून दिवसभर ओढूनताणून चाललं. पांढऱ्या तपासणीला मात्र ते बसायचं.

आता केबल. मोबाइलच्या ड्रॉवरमधली बारीक मायक्रो यूएसबी केबल असेल तर तिचा जाण्यायेण्याचा मिळून रोध पाव ओहम सहज भरतो. दोन अँपिअर वाहिले की अर्धा व्होल्ट केबलमध्येच गेला. अडॅप्टरच्या तोंडाशी ५.१, पायच्या दाराशी ४.६. आणि ४.६३ च्या खाली गेलं की पाय अंडरव्होल्टेज, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचं नोंदवतो.

ही नोंद वाचायची आज्ञा व्हीसीजेनसीएमडी, पुढे गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड. उत्तर शून्य आलं तर सुरू झाल्यापासून एकदाही व्होल्टेज पडलेलं नाही. शून्य-एक्स-५०००० आलं तर मागे कधीतरी पडलं होतं आणि वेगही कापला गेला होता. ५०००५ आलं तर आत्ता, या क्षणी पडलेलं आहे. माझ्याकडे ५०००५ होतं.

तरी मल्टिमीटरने खात्री करा, कारण ही आज्ञा आकडा सांगत नाही. ५ व्होल्ट पट्टीतल्या २ आणि ४ नंबरच्या पिनांवर असतो. हॅट वर बसलेली असते, म्हणून मी रास्पबेरी पाय उलटा करून खालच्या बाजूची सोल्डरची टोकं गाठते. ४ नंबरला लागूनच ६ नंबरची ग्राउंडची (शून्य व्होल्टची, परतीची) पिन आहे आणि मल्टिमीटरची टोकदार प्रोब घसरली तर शॉर्ट. म्हणून काळी प्रोब त्या गर्दीत नेऊच नका, यूएसबी पोर्टच्या बाहेरच्या पत्र्याला टेकवा, तोही ग्राउंडच आहे. एका हाताने फक्त लाल प्रोब सांभाळायची राहते. मंद हिरव्यावर माझ्याकडे ५.०२ दिसलं. पांढरा लावला आणि आकडा डोळ्यांदेखत ४.५८ वर आला.

तात्पुरता उपाय कोडमध्ये: तेजस्विता ६० ठेवली की पांढऱ्यालाही सुमारे ०.९ अँपिअर पुरतात. ती पांढरी तपासणी मी काढूनच टाकली. तिच्याऐवजी एकेक दिवा ओळीने लावते. सगळे तपासले जातात आणि भार एकाच दिव्याचा पडतो.

इथे बॉक्सबद्दलही बोलून टाकते. हॅट पायवर चपखल बसते तेव्हा प्रोसेसरची उष्णता वरच्या बाजूला कोंडते, आणि बंद अॅक्रिलिक डब्यात तर आणखी. बाहेर ४५ अंश असताना आतली सुरुवातच तिथून होते. ८० अंशांच्या पुढे पाय आपला वेग उतरवू लागतो. डब्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली, कूलरच्या ओल्या झोतापासून मात्र लांब ठेवला.

वीज सुधारली आणि फडफड वाढली

चौथी खेप सगळ्यात चकवणारी, आणि बहुतेक जण इथेच हात टेकतात.

उन्हात दिवे दिसावेत म्हणून शेवटी बोर्ड पायवरून उतरवला आणि दाराच्या आतल्या सावलीत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला. पाय टेबलाशीच. मध्ये दीड मीटर तार. बोर्डाला स्वतंत्र ५ व्होल्ट ४ अँपिअरचा पुरवठा दिला, दोन्हीकडचं ग्राउंड एकत्र जोडलं. (दोन पुरवठ्यांचे ५ व्होल्ट एकमेकांना जोडायचे नाहीत. जोडायचं ते फक्त ग्राउंड. ते विसरलात तर डेटाला परतीचा रस्ताच नाही आणि दिवे मनाला येईल तसे लागतात.) मल्टिमीटरवर ५.१ व्होल्ट, पांढऱ्यावरही हलत नाही. मला वाटलं, आता कटकट मिटली.

संध्याकाळी पहिला दिवा मधूनच चमकायला लागला. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत एक लहर, आणि परत ठीक. ऑडिओ बंद. थ्रॉटल्डचं उत्तर शून्य. म्हणजे आधीची दोन्ही कारणं खोडली गेली. जुना अडॅप्टर लावून पाहिला तर फडफड जवळजवळ थांबली! वाईट पुरवठ्यावर चांगलं चालतं आणि चांगल्यावर वाईट, हे कोडं सुटायला मला तीन दिवस लागले.

उत्तर दिव्याच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात आहे. तार "उंच" आहे असं डब्ल्यूएस२८१२बी कधी मानतो? त्याच्या स्वतःच्या पुरवठ्याच्या ०.७ पटीच्या वर गेली तर. पुरवठा ५.१ असेल तर ३.५७ व्होल्ट हवेत. रास्पबेरी पायची पिन देते ३.३. म्हणजे कागदावर हे कधीच जुळत नव्हतं. प्रत्यक्षात चिपा थोडं सांभाळून घेतात, म्हणून जवळ असताना चालून जातं. आणि पुरवठा खचून ४.७ वर आला की मर्यादाही खाली येऊन ३.२९ होते, मग पायचे ३.३ कसेबसे पुरतात. खचलेली वीज इतके दिवस संकेताची उणीव झाकत होती. वीज सुधारली, मर्यादा वर गेली, आणि दीड मीटर तारेने उरलंसुरलं खाल्लं.

एक चूक सगळीकडे का पसरते, तेही यातूनच समजतं. प्रत्येक दिवा आलेल्यातले पहिले २४ बिट स्वतःला ठेवतो आणि बाकीचे नव्याने, स्वच्छ करून पुढे पाठवतो. दुसऱ्या दिव्याला मिळणारा संकेत पहिल्याच्या ५ व्होल्टचा, म्हणजे खणखणीत असतो. अशक्त दुवा एकच, पाय ते पहिला दिवा. पण तिथे एक बिट चुकला की पहिला दिवा ती चूकच स्वच्छ करून पुढच्या ६३ ना देतो.

उपाय ७४एएचसीटी१२५ ही चिप. तिच्यात संकेत पुढे पाठवणारी चार दारं असतात, आपल्याला एकच लागतं. तिला ५ व्होल्टवर चालवलं तरी ती २ व्होल्टच्या वरचं सगळं उंच धरते आणि पुढे पुरेपूर ५ व्होल्ट देते. १४ नंबरच्या पायाला ५ व्होल्ट, ७ ला ग्राउंड, १ लाही ग्राउंड (तो ग्राउंडला असेल तरच दार उघडतं), रास्पबेरी पायकडून आलेला डेटा २ ला, बोर्डाकडे जाणारा ३ मधून. उरलेली तीन दारं तरंगती सोडू नका: ४, १० आणि १३ यांना ५ व्होल्ट, ५, ९ आणि १२ यांना ग्राउंड.

दुकानात विकत घेताना अक्षरं मोजून घ्या. मी बर्डीवर मागितली तेव्हा काउंटरवरच्या दादांनी ७४एचसी१२५ दिली, "सेमच आहे ताई." भिंगाखाली दोन्ही सारख्याच दिसतात, फक्त "टी" नाही. पण तो टी नसेल तर ५ व्होल्टवर तिचीही मर्यादा ३.५ च्या आसपास जाते आणि आपण होतो तिथेच राहतो. एचसीटी किंवा एएचसीटी, काहीही चालेल, टी हवाच. मॉसफेट आणि १० किलोओहमच्या रोधांचे जे व्होल्टेज बदलून देणारे छोटे दुहेरी लेव्हल कन्व्हर्टर मिळतात तेही इथे उपयोगाचे नाहीत. ते आय-टू-सी सारख्या संथ जोडणीसाठी ठीक, ८०० किलोहर्ट्झवर त्यांची चढण आळसावते आणि बिट बोथट होतात.

चिप पायच्या बाजूला बसवा, म्हणजे लांब तारेतून ५ व्होल्टचा संकेत जाईल. पहिल्या दिव्याच्या तोंडाशी ३०० ते ५०० ओहमचा रोध (मी ४७० लावला) आणि बोर्डाच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा, ६.३ व्होल्ट किंवा वरचा कपॅसिटर. कपॅसिटरची उणे बाजू बघून लावा. डेटाची तार ग्राउंडच्या तारेशी पिळून न्या, आणि कूलरच्या मोटरच्या वायरीबरोबर एकाच पट्टीत घालू नका.

चिप मिळेपर्यंत काम निभवायचं असेल तर पहिल्या दिव्याच्या पुरवठ्यात एक १एन४००१ डायोड घालतात. त्याचं व्होल्टेज सुमारे ०.७ ने उतरतं आणि ३.३ पुरतात. पण तो डायोड १ अँपिअरचा, सगळा बोर्ड त्याच्यातून ओढू नका. आठ बाय आठच्या तयार बोर्डावर पहिल्याच दिव्याची वाट वेगळी करणं किचकट आहे. सुटा एक दिवा मध्ये जोडून त्यालाच डायोड लावणं सोपं.

दुसरी पिन, किंवा नवा पाय

ऑडिओ जॅक सोडायचाच नसेल तर डेटा जीपीआयओ १० वर, एसपीआयने (पायवरच्या दुसऱ्या एका डेटाच्या मार्गाने) पाठवता येतो. तिथे दर बिटासाठी २.४ मेगाहर्ट्झने तीन बिट पाठवून तीच लांबी साधतात. पाय ३ वर एसपीआयचं घड्याळ चिपच्या कोअरच्या (आतल्या मुख्य भागाच्या) वेगावर चालतं आणि प्रोसेसर कामाला लागला की तो वेग बदलतो, रंग तुटतात. कॉन्फिग फाइलीत कोअर अंडरस्कोर फ्रीक २५० वर बांधून टाका. हॅट थेट डोक्यावर बसवली असेल तर मात्र तिची तार १८ वरच छापलेली असते, त्यामुळे हा मार्ग सुट्या तारांनी जोडणाऱ्यांसाठी.

रास्पबेरी पाय ५ घेतला असेल तर वरचं पीडब्ल्यूएमचं प्रकरण तुम्हाला लागू नाही. तिथे पिना आरपी१ या वेगळ्या चिपमधून निघतात, म्हणून जुनी पीडब्ल्यूएम-डीएमएची पद्धत तशीच्या तशी चालत नाही. हेडफोन जॅकही काढून टाकलेला आहे. एसपीआयचा रस्ता धरा. व्होल्टेजची मर्यादा आणि विजेचं गणित मात्र तिथेही हेच, कारण ते दिव्यांचं आहे.

ठरावीक दिव्यापासून पुढे अंधार

हे सगळं जागेवर असूनही परवा २९ नंबरच्या खुर्चीपासून पुढे सगळे दिवे विझले. काकूंनी आल्या आल्या विचारलं, "आता काय झालं वं याले?" याला फडफड म्हणत नाहीत, ही साखळी तुटलेली असते. पहिला विझलेला दिवा आणि त्याच्या आधीचा शेवटचा चालू दिवा, या दोघांतच दोष असतो. चालू असलेला दिवा स्वतः नीट जळूनही पुढे पाठवणं थांबवू शकतो. म्हणून २९ बदलून भागलं नाही तर २८ बदला. माझ्याकडे २८ चा होता. बदलायच्या आधी त्याच्या डेटा बाहेर जाणाऱ्या पायाच्या सोल्डरवर सोल्डरिंगची इस्त्री दोन सेकंद टेकवून पाहिली, कारण खोलीत दिवसा कूलर आणि रात्री बंद खिडक्या, बोर्ड रोज तापतो आणि निवतो, सांध्याला चीर जाते. तेवढ्याने ३६ दिवे परत लागले.